पाठीला लावलेलं तेल

आये, काल आरशासमोर दंड वळवून पाहिला. सैल पडलाय आता. वाईट वाटेल म्हणून जरा थांबले, पण नाही वाटलं. बरंच वाटलं गं. इतकी वर्षं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते, सुटले एकदाची.

कांजूरमार्गची आपली खोली आठवते. तू भाकरी थापतेयस, मी शेजारी बसून उकडलेल्या अंड्यातलं पांढरं तेवढं खातेय, पिवळं तुझ्या कालवणात जातंय. "ह्या काय अंग केलंस गो? बापयासारखे दंड. तुका बघून कोण लगीन करतलो?" हे रोजचंच. नळावरच्या बायका मला बघून तोंडाला पदर लावायच्या, त्यांना मी कधी भीक घातली नाही. पण शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत जिंकलेला कप घेऊन आले आणि तू तो पलंगाखाली सरकवलास, तेव्हा ताट तसंच ठेवून उठले. तुला माझी लाज वाटते, हेच डोक्यात बसलं. बाकी जगाचं मला काही पडलं नव्हतं.

मग टीव्हीवरच्या मालिकेत राक्षशिणीचं काम मिळालं. पाठ उघडी, तिला तेल चोपडायचं, म्हणजे दिव्यांत स्नायू उठून दिसतात. मी तुला म्हटलं, पाठीला माझा हात पोचत नाही, मेकअपवाला लावेल. तू तव्यावरची भाकरी तशीच सोडून वळलीस.

"परको बापयो हात लावतलो? मी येतंय."

आणि खरंच आलीस की. अंधेरीच्या त्या स्टुडिओत ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर खोबरेलाची बाटली धरून बसलीस. मेकअपवाल्यानं त्याची बाटली पुढे केली, ती हुंगून "ह्या मशिनीचा तेल" म्हणून परत दिलीस. मग लहानपणी न्हायला घालताना चोळायचीस तशीच माझी पाठ चोळायला लागलीस, मणक्यावरून अंगठा खाली नेत. खांद्यापाशी हात थांबला.

"दुखता काय गो?"

"नाय गं."

तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं मला.

तो भाग आपण शेजारणीच्या घरी पाहिला. मी रथाचं चाक डोक्यावर उचलतेय, कॅमेरा पाठीमागून. "अगदी बाप्या दिसते हो तुमची," शेजारीण म्हणाली आणि सगळी खोली हसली. तुझ्याकडे बघायची माझी हिंमत होईना. तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "पाठ बघ कशी चमकता. तेल मिया लावलंय."

हुश्श झालं गं. छातीवरचा धोंडाच उतरला.

पुढे सिनेमे मिळाले. नायिकांच्या जागी उड्या मारल्या, गुंडांना उचलून आपटलं, चेहरा कुठेच दिसला नाही. नाव झालं नाही म्हणून लोक अजून हळहळतात. मला हसू येतं. ज्या एका माणसानं बघावं असं वाटत होतं, तिनं बघितलं होतं.

तू जाऊन जमाना झाला, हे धाडू तरी कुठे? कुकरची शिट्टी झाली, उठते. फक्त एक राहिलंय सांगायचं. पाठीला माझा हात पोचायचा, आये. नीट पोचायचा.