घरात केलेलं पार्सल

आकुर्डी,
गुरुवार, ता. १५ डिसेंबर १९७७

चि. सौ. नीला हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. दिवाळीनंतर कंपनीत काम वाढलंय, आठवड्यातले तीन दिवस ओव्हरटाइम असतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. माझी तब्येत ठीक आहे. मालोजीरावांची नोकरी कायम झाली हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना माझा जयभीम सांग. राजगुरुनगरात थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल, आईला सकाळी लवकर उठू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांग.

मी काय खातो, असं विचारलं आहेस. मी स्वयंपाक शिकलो. तोही साधा नाही, हॉटेलचा. हायवेवर सरदारजीचं हॉटेल आहे, तिथले आचारी अन्वरभाई आमच्याच चाळीत दोन दारं सोडून राहतात. त्यांच्याकडून मटणाचा रस्सा शिकलो. ज्याला चहाशिवाय काही येत नव्हतं, त्याला एकदम हे शिकायचं होतं. ऑक्टोबरातले चारही गुरुवार, म्हणजे सुट्टीचे सगळे दिवस, त्यात गेले.

पहिल्या गुरुवारी कांदा जाळला. अन्वरभाईंनी सांगितलं होतं, "भाई, कांद्याला घाई नाय करायची. विटेचा रंग आला पायजे." मला वाटलं, स्टोव्हला जास्त पंप मारला की लवकर येईल. विटेचा आला नाही, कोळशाचा आला. तरी तसाच वाटला, मटण घातलं, शिजवलं. तोंडात घालवेना इतकं कडू झालं. आईनं मात्र ताटातलं सगळं संपवलं. म्हणाली, "मटान वाया घालवू न्हाई."

दुसऱ्या वेळी कांदा जमला, पण मिरचीची पूड कडकडीत तेलात टाकली. चाळभर ठसका. रहिमाबी, अन्वरभाईंची बायको, पदर नाकाला लावून आली आणि स्टोव्ह बंद करून गेली. मग कळलं, तेल खाली उतरवून जरा निवू द्यायचं, तेव्हा पूड टाकायची, म्हणजे रंग लाल राहतो. आपल्या घरी काळा मसाला आणि पळीभर तेल. हॉटेलात दही, टोमॅटो आणि तेल इतकं की आई बघून म्हणाली, "एवढ्यात आपला म्हयना जाईल." तिसऱ्या गुरुवारी अन्वरभाईंनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "मटण तुमचं हाय, रस्सा माझा नाय अजून." चौथ्या गुरुवारी वाटीभर घरी घेऊन गेले.

त्या चारही वेळा खोबरं भाजून पाट्यावर वाटलं ते आईनं. गुडघा दुखत असताना. हे तुला मुद्दाम लिहितो आहे.

आई तुला म्हणाली, इथली हवा मानवली नाही. तू विचारतेस, भांडण झालं का. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं.

मी हे कशासाठी शिकलो, ते सांगतो.

जूनमध्ये ही खोली घेतली, तेव्हा खात्यातल्या तिघांना जेवायला बोलावलं होतं. अण्णासाहेब, साहेबराव आणि ज्योतीराम. अण्णासाहेब आमच्यात सर्वांत जुने, साहेब लोकही त्यांचं ऐकतात. सात वर्षं एका बाकावर डबा खातोय आम्ही. एका बाकावर, पण ज्याचा त्याचा डबा. आईनं मटण केलं, भाकरी केल्या. तिघं आले, बसले, आणि ताटं आल्यावर अण्णासाहेबांना आठवलं की आज गुरुवार, ते गुरुवार पाळतात. मग साहेबरावांनाही आठवलं. ज्योतीराम म्हणाला, पोट बिघडलंय. तिघांनी एकेक केळं खाल्लं, पाणीही न पिता गेले. आई दारात उभी राहून म्हणाली, "असंल बाबा, देवाचं असंल." आपण बौद्ध होऊन वीस वर्षं झाली, पण आपल्या चुलीवर काय शिजतं याची भीती लोकांना अजून आहे. गावात ते तोंडावर बोलतात, इथे गुरुवार पाळतात.

सप्टेंबरात मला बढती मिळाली, चार्जहँड झालो. तिघंच म्हणाले, पार्टी पाहिजे. अण्णासाहेब वर म्हणाले, "आईंना कशाला त्रास देता विलासराव, पार्सल मागवा. सरदारजीकडचं मटण झकास असतं."

सरदारजीकडचं म्हणजे अन्वरभाईंच्या हातचं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "हॉटेलात आत कोण उभा हाय, कोण बघत नाय. ताट तेवढं बघतात."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. रस्सा हॉटेलसारखा करायचा, पण आपल्या स्टोव्हवर, आपल्या पातेल्यात, आईच्या पाट्यावर वाटून. पार्सल म्हणून वाढायचा. तिघांनी बोटं चाटली की मग सांगायचं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. "अण्णासाहेब, हे या घरात झालंय." एवढंच म्हणायचं आणि त्यांची तोंडं बघायची. आईला मी यातलं काही बोललो नाही. तिला सांगितलं, मित्रांना हॉटेलची चव आवडते. ती म्हणाली, "मग शीक की, आवडीनं खात्याल तरी."

दिवाळीच्या आदल्या गुरुवारी ते आले. हो, गुरुवारच होता. या वेळी कोणालाच आठवला नाही. अन्वरभाईंनी हॉटेलचे दोन डबे आणून दिले होते, वर नाव घातलेले, आणि तंदूरच्या रोट्या कागदात गुंडाळून. डब्यात रस्सा मीच भरला. आईला म्हणालो, तू पडद्याआड बस, दमलीस. खरं म्हणजे ती समोर नको होती मला. तेवढं तरी खरं लिहितो.

नीला, ते जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. साहेबराव नळी फोडून चोखत होते. अण्णासाहेब म्हणाले, "बघा, हॉटेलवाल्याचा हात तो हॉटेलवाल्याचा. घरी अशी तर्री येत नाही." मी मनात म्हटलं, आता. अजून एक घास जाऊ दे, मग.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिला आतून सगळं ऐकू येत होतं. तोंडावर हसू होतं तिच्या. हातात पातेलं, घरचंच. म्हणाली, "लाजू नका, आणिक घ्या. माज्या पोरानं केलंय घरात. चार आठवडं शिकत हुता."

अण्णासाहेबांचा हात तोंडापाशी थांबला. साहेबरावांनी ताटाकडे पाहिलं. ज्योतीरामनं माझ्याकडे.

हेच मला हवं होतं. वाक्यही माझंच होतं, तिनं माझ्या आधी म्हटलं एवढंच. तेव्हा मी नुसतं हो म्हणायचं होतं. मी हसलो. म्हणालो, "तिचं मनावर घेऊ नका. म्हातारीला काही समजत नाही. हॉटेलातलंच आहे, हे काय डबे. आमच्या घरातलं यात काही नाही."

आमच्या घरातलं यात काही नाही. हे मी आईसमोर, तिच्या हातात पातेलं असताना म्हणालो.

ती म्हणाली, "व्हय, माजी चूक झाली," आणि पातेलं घेऊन आत गेली. त्यांनी जेवण पुरं केलं.

सकाळी मी शिफ्टला निघालो तेव्हा तिनं डबा भरून दिला. संध्याकाळी आलो तर खोलीला कुलूप, किल्ली रहिमाबीकडे. रहिमाबी म्हणाली, नाशिक फाट्यावर एस.टी.त बसवून दिलं, लेकीकडे जाते म्हणाल्या. किल्ली हातात दिली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून अन्वरभाई जाता-येता हात करतात, थांबत नाहीत. त्यांच्या खोलीतही ऐकू गेलं असणार, चाळीच्या भिंती अशा किती जाड.

मग महिनाभर मी स्वतःला समजावत होतो, की निदान त्यांनी आपल्या घरचं खाल्लं. ते त्यांना माहीत नाही, पण खाल्लं. मागच्या सोमवारी तेही गेलं.

सायकल स्टँडवर ज्योतीराम भेटला. म्हणाला, अण्णासाहेब मुद्दाम सरदारजीकडे जाऊन आले, पण तुमच्याकडची चव नव्हती म्हणतात. मला राहवलं नाही. म्हटलं, "नसणारच. ते घरात केलेलं होतं. आई खरं बोलत होती."

तो म्हणाला, "ठाऊक आहे की."

"कधीपासून?"

"तेव्हाच. मावशींच्या नखांत मसाला होता. आणि रोट्यांना हात लावला तर गार, रस्सा वाफाळलेला. तिघांनाही कळलं, राव."

"मग जेवलात कसे?"

त्यानं सायकलचं कुलूप काढलं. अगदी सहज म्हणाला, "तू नाही म्हणालास ना. हो म्हणाला असतास तर अण्णासाहेबांना उठावं लागलं असतं, मग आम्हाला. तू सांभाळून घेतलंस. सगळ्यांचा मान राहिला."

सगळ्यांत आई धरली नव्हती. मीही धरली नव्हती.

मी सूड घ्यायला निघालो होतो गं. आणि त्यांना हवं होतं नेमकं तेच, त्यांच्या तोंडून न वदवता, मी स्वतःच्या तोंडानं बोलून दिलं.

मंगळवारी कँटीनमध्ये, सातआठ जण असताना, मी अण्णासाहेबांना म्हणालो, "त्या दिवशीचं मटण माझ्या घरात केलं होतं. मसाला माझ्या आईनं वाटला होता. ती तुमच्यासमोर खरं बोलली आणि मी खोटं बोललो." अण्णासाहेब म्हणाले, "मला काही कल्पना नव्हती." हात धुवायला गेले ते परत बाकावर आले नाहीत. साहेबरावही उठले. ज्योतीराम थोडा वेळ बसला, डबा अर्धा टाकून तोही गेला. कालही मी एकटाच जेवलो. याला धाडस म्हणू नकोस. सव्वा महिना उशिरा बोललो, आणि जिनं ऐकायला हवं होतं ती तिथे नव्हती.

म्हणून हे पत्र. मोठ्यानं वाचून दाखव तिला. मी जे बोललो ते गाळू नकोस, मऊ करून सांगू नकोस. तिनं ते एकदा माझ्या तोंडून ऐकलंय. मला ते आठवतं, मी विसरलो नाही, हे तिला कळू दे. मी येऊन तिला घेऊन जावं असं मालोजीराव म्हणतील. मी येणार नाही. तिनं निरोप धाडला तरच येईन. नाही धाडला तर तिचं बरोबर आहे, तिला कोणी समजावू नये.

तुझा भाऊ,
आणि तिनं अजून म्हटलं तर, तिचा मुलगा,
विलास