भोपळ्याच्या गदेची वारस

मी, चंद्राबाई कोंडीबा सुतार, विधवा, वय पंचावन्नच्या आसपास, धंदा नाटकांतली खोटी शस्त्रे करणे, राहणार सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहवून ठेवते. वैद्यांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके थकले आहे असे फक्त माझे दीर आप्पासो म्हणतात. ते तसे का म्हणतात हे पुढे येईलच. लेखनिक गंगाधरपंत यांनी मी सांगेन तेच लिहावे, सुधारू नये.

कलम पहिले. सांगलीतील माझे दोन खणांचे घर व मागील पडवीतला कारखाना माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. कोर्टाने गोंधळू नये म्हणून ती कशी झाली ते सांगते.

माझे यजमान कै. कोंडीबा उत्तम सुतार होते. सागाची गदा घडवून तिला पितळी पत्रा मढवीत. ती उचलताना भीमाला खरोखर घाम फुटे. जर्मनीची लढाई सुरू झाली, बाजारातून पितळी पत्रा गेला, आणि यजमानांनी हात टेकले.

"पितळ न्हाई, तर गदा न्हाई. देवाला सांग."

"देवाला कशाला? लालासाहेबांनी सांगितलीया गदा. जत्रा तोंडावर आलीया," मी म्हटले.

त्याच महिन्यात ते तापाने गेले. गदा राहिली.

मग मी माझ्या डोक्याने माल निवडला. मिरजेच्या तंबोरेवाल्यांकडे तडकलेले भोपळे पडून असतात. ते जवळजवळ फुकट मिळाले. दांडा बांबूचा. तडा बुजवायला रद्दी कागदाचा लगदा, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून, म्हणजे कीड लागत नाही. वर चिंचोक्याची खळ आणि सोनेरी बेगड. तलवारींना पांगाऱ्याचे लाकूड आणि चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद. बाणांना मोडक्या छत्र्यांच्या काड्या. पांगारा हलका, अंगाला लागला तरी रक्त काढत नाही.

रहिमतपूरचे लालासाहेब, ऊसवाले बागायतदार आणि दर जत्रेच्या नाटकातले भीम, गदा बघून खवळले.

"भोपळा? म्या भीम हाय चंद्राबाई, माळवं इकणारा न्हाई!"

आप्पासो टपलेलेच होते. त्यांनी यजमानांची जुनी सागाची गदा आणून दिली. "पाचर म्या मारलीया. हत्ती लटकला तरी निघायची न्हाई."

दुपारी देवळापुढे तालीम झाली. लालासाहेबांनी गदा एकदाच फिरवली. दांडा त्यांच्या हातात राहिला, गोळा वाजवायच्या पेटीचे पोट फोडून दुर्योधनाच्या अंगठ्यावर उतरला. दुर्योधन युद्धाआधीच पडला. (गंगाधरपंत येथे हसले. ही नोंदही ठेवावी.)

लालासाहेब मुकाट माझ्याकडे आले. मी सांगितले, "आवं, फूल उचलल्यागत उचलू नका. वजन तुमच्या कंबरंत पायजे. गुडघं वाकवा, दम कोंडा."

"आन हाणू किती जोरात?"

"लागंल तेवढं हाणा की."

प्रयोगात त्यांनी गदा अशी उचलली की पुढच्या रांगेतल्या बाया मुलांना घेऊन मागे सरकल्या. मांडीवर हाणताच भोपळा ढुम्मकन फुटला. मेलेला दुर्योधन उठून मांडी चाचपू लागला. लोकांनी "पुन्यांदा! पुन्यांदा!" असा गिल्ला केला, म्हणून त्याला पुन्हा मरावे लागले. दुसरा भोपळा मी नेलेलाच होता.

तेव्हापासून इस्लामपुरापर्यंतची नाटकमंडळी माझी गिऱ्हाइके झाली. सागाची गदा जन्मभर टिकते. माझी दर खेळाला फुटते, म्हणून नवी घ्यावी लागते. त्याच कमाईतून हे घर झाले.

कलम दुसरे. आप्पासो म्हणतात, "वैनी, ह्यो भावाचा धंदा, म्हंजी माझा." भावाचा धंदा सागाचा होता. तो त्यांना देते: करवत, रंधा, पटाशी, वाकस, आणि ती गदा, दांडा व गोळा वेगवेगळे. भोपळ्यावर त्यांचा काडीचा हक्क नाही.

कलम तिसरे. लालासाहेबांस मी काहीही देत नाही. रहिमतपुरात त्यांची अब्रू वाचवली, तेवढे पुरे.

कलम चौथे. घर, कारखाना, माल व गिऱ्हाइके मी माझी पुतणी राही हिला देते. राही ही आप्पासोंचीच मुलगी. तिला माण तालुक्यात दिली होती. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटला, तेव्हा ती बापाच्या दारात आली. बाप म्हणाला, "जलमलीस त्या घरातलं तुझं काम संपलं. सासरी जाऊन मर." ती माझ्याकडे आली, आणि आज तिच्या हातची बेगड माझ्यापेक्षा सफाईने बसते. मी हे घर बापाला दिले, तर तो तिला सूर्य मावळायच्या आत बाहेर काढील. म्हणून ही सगळी लिखापढी.

माझे दुखणे ऐकून गेल्या आठवड्यात जावई मुंबईहून उगवले. नवा कोट, तेल लावलेला भांग.

"काकी, राहीला न्यायला आलोय."

"मला कशाला सांगता? तिला इचारा."

राही पडवीतून म्हणाली, "हात लगद्यात हायती. आदी चार खोकी खाली उतरवा, मग बोलू."

त्यांनी कोटाकडे पाहिले, खोक्यांकडे पाहिले, आणि स्टेशनची वाट धरली.

राहीने पुन्हा लग्न करावे की न करावे, हे तिने ठरवावे; जातीने, दिराने वा गंगाधरपंतांनी नव्हे. मात्र घर कोणाही पुरुषाच्या नावे करू नये, तो कितीही गोड बोलला तरी.

कलम पाचवे. हे मृत्युपत्र राहीला वाचून दाखवलेले नाही. मालकीण आपण होणार हे तिला आज कळले, तर उद्यापासून ती मला कामाला जुंपेल. आणि वैद्यांनी मला विश्रांती सांगितली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी गंगाधरपंतांनी भाषा सभ्य केली होती, ती पूर्ववत करून घेतली. मग सही केली.

सही: चंद्राबाई कोंडीबा सुतार

साक्षीदार:
१. लालासाहेब, रहिमतपूर (कलम तिसरे वाचून, नाराजीने)
२. सिद्धू तंबोरेवाला, मिरज

लेखनिक: गंगाधरपंत

स्थळ: सांगली
दिनांक: १७ फेब्रुवारी १९४६