हात माझे, जीभ तिची

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, कोर्टातला निवृत्त लेखनिक, पूर्ण शुद्धीवर आणि रिकाम्या पोटी हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. दुसऱ्यांची पुष्कळ लिहिली; हे माझे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी. कांदा चिरायची वेळ आली की तिला नेमका ऑफिसचा फोन येतो, तरीही मिळावी.

२. स्वयंपाकघरातील सर्व भांडी, सुऱ्या, खलबत्ता व लोखंडी तवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंस द्यावा. मुलगी विचारील, "बाबा, तिलाच का?" म्हणून कारण नमूद करतो.

पत्नी गेल्यावर मी प्रथमच भात लावला. धूर वरपर्यंत गेला. ही वरची नर्स धावत खाली आली.

"आजोबा, काय जाळताय?"

"भात आहे."

"होता," ती म्हणाली, आणि पातेले घासायला बसली. तिलाही धड काही येत नव्हते. तिची पहिली पोळी पाहून मी हा कुठला नकाशा म्हणून विचारले होते. मग तिची ड्यूटी नसेल त्या दिवशी आम्ही मिळून रांधू लागलो, भांडू लागलो, आणि हळूहळू चांगले जेवूही लागलो.

पुढे आजारपणात माझी चव गेली ती परत आलीच नाही. मी शेगडी बंद केली, डबा लावला. ती चार दिवस माझा डबा उघडून पाहत राहिली. पाचव्या दिवशी भाजी घेऊन आली आणि सुरी माझ्या हातात दिली.

"मला चव लागत नाही गं."

"मला लागते ना? तुम्ही करा, मी सांगते."

तेव्हापासून मी तिच्या जिभेने रांधतो. मीठ कमी पडले की ती भुवई उडवते. जास्त झाले की मला "साहेब" म्हणते.

३. माझे धाकटे बंधू "पुरुषाने काय हे चुलीपुढे" असे म्हणत तीन वाट्या रस्सा ओरपून गेले. त्यांस माझा एप्रन द्यावा. धुऊन.

४. मी गेल्यावर रडायचे त्यांनी रडावे, पण उपाशीपोटी नको. नर्सबाईंनी रांधावे, मुलीने हाताखाली उभे राहावे. फोन बंद ठेवावा.

ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. म्हणून नर्सबाई आत आहेत आणि तिथूनच ओरडत आहेत, "आजोबा, मरायचं नंतर बघू, पानं घेतलीयेत!"

सबब येथेच थांबतो.

साक्षीदार : १. समोरचे शिंपी (सही)
२. माझे डॉक्टर (सही, जेवायला थांबले आहेत)

लिहून ठेवणार : सही
ठिकाण : जेवणाचे टेबल
दिनांक : ९ मार्च, रविवार