उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

भोर, शुक्रवार, १२ जानेवारी १९३४

सुटलो! आज मुन्सफाच्या खुर्चीवरून मोठा अन्याय करता करता वाचलो. आंबवड्याच्या चुलत्या-पुतण्याचा बांधाचा दावा. चुलता समोर तावातावाने बोलत होता. पुतण्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला, तरी पत्ता नाही. एकतर्फी हुकूम लिहायला मी टाक बुडवलासुद्धा. आणि पुण्याला शिकलेला रोमन कायदा आठवला: दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निवाडा नाही. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, आजच का आठवावं? मान वर केली, तर उंबऱ्याबाहेर चुलत्याच्या वहाणांशेजारी आणखी एक जोड. कुणाचा? शिपायाला पाठवलं. पुतण्या सकाळपासून भिंतीआड उभा!

“पुकारा ऐकला नाहीस?” मी चिडलोच.

“ऐकला की, रावसायेब. पर तात्या बोलत व्हते. थोरलं मानूस बोलताना मधी कसं यायचं?”

आत येऊन आधी तात्यांच्या पाया पडला, मग त्यांच्याच विरुद्ध आपली बाजू मांडली. तात्यांची मान खाली गेली.

त्या वहाणा दिसल्या नसत्या तर? नको तो विचार. दुसऱ्याचं ऐका, एवढं रोमन पंडितांनी सांगून ठेवलं. आमच्याकडे आधी त्याला आत बोलवावं लागतं.