खालच्या ओळीतला खड्डा

१० नोव्हेंबर, सेलू

पोचलो एकदाचा. गाडी वेळेवर आली, हा इथला पहिला आणि बहुधा शेवटचा सुखद धक्का. स्टेशनाबाहेर कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टरांची रांग, आणि तिच्यापुढे ईश्वरअप्पा हातात झेंडूचा हार घेऊन उभे. मी जणू सरपंचपदाला उभा आहे. हार घातला, फोटो काढला, गाडीत बसवलं. मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

हे ईश्वरअप्पा झटका मशीन बनवतात. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारा डबा. आता हा डबा त्यांना परदेशात विकायचाय. त्यासाठी तो रेडिओ लहरींच्या माऱ्यात गडबडत नाही हे सिद्ध करावं लागतं, म्हणून त्यांनी गावाबाहेर स्वतःच्या शेतात एक चाचणीची खोली बांधली. ती लावून द्यायला पुण्याहून मी. संक्रांतीच्या आत खोली पास झाली की मला म्यूनिकची नेमणूक. मृणालने तर बॅगा काढून ठेवल्यात. बायको म्हणून ती माझ्यावर फार विश्वास ठेवते, आणि या बाबतीत तरी तो योग्य आहे.

भाकरी आणि ठेचा मात्र उत्तम होता.

१२ नोव्हेंबर

खोली अपेक्षेपेक्षा बरी निघाली. लोखंडी पेटीच म्हणा. खिडकी नाही, दार तिजोरीसारखं, भिंतींना लहरी शोषणारे निळ्या फोमचे सुळके. ते आवाजही गिळतात. आत मोबाईल मरतो, म्हणून ही डायरी जवळ ठेवतो.

दुपारी अँटेना उभी केली. एकीकडे फुलपाखराचे पंख, दुसरीकडे माशाचा काटा. सगळ्या पट्ट्यांतल्या लहरी ही एकटीच फेकते. तीन मीटरवर लाकडी टेबल, ज्यावर पुढे डबा ठेवायचा. पण आधी खोली रिकामी ठेवून बघायचं, की टेबलाच्या जागी लहर सगळीकडे सारखी पोचते का. एक उभी चौकट, तिच्यात चार ओळींत सोळा बिंदू, प्रत्येकावर प्रोब, म्हणजे लहर मोजणारी कांडी, ठेवून मोजायचं. जिथं लहर कमी भरते, तिथं खड्डा. मोजताना आत कोणी थांबायचं नाही.

मदतीला महारुद्र नावाचा टेक्निशियन दिलाय. चाळिशीचा, तीन पोरांचा बाप. हा गृहस्थ दाराशी चपला काढतो, रिकाम्या खोलीला विचारतो, “येऊ का, आप्पा?” आणि मग आत शिरतो. सगळेच विचारतात म्हणे.

ईश्वरअप्पांच्या आई, गौराबाई, यांना कारण विचारलं. त्यांचे यजमान महालिंगअप्पा वारले तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसवून, इथंच शेतात, समाधी दिली होती. खोली बांधताना वरचा दगड बाजूला नेला. “दगड उचलला, सायेब. आप्पाला कोन उचलनार? म्हनून इचारून जायचं,” असं त्या भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज म्हणाल्या. परदेशी निर्यात करणार आहेत ही मंडळी.

१४ नोव्हेंबर

आज महारुद्रला म्हटलं, विचारायचंच असेल तर नीट विचार. उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कोणालाही उपरोध कळला असता. हा पठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दारात उभा. ओरडलो तर म्हणतो, सायबाचा हुकूम हाय, आन् तसं बगितलं तर बरोबरच हाय. आप्पांचा मान राहतो.

गाढवापुढे वाचली गीता. आता आतली सगळी कामं मीच करतो. तो बाहेर संगणकावर आकडे बघतो, ध्वनिक्षेपकावरून मला सांगतो. मी अर्थातच कोणाला विचारत नाही. बुटांसकट जातो.

१८ नोव्हेंबर

खालच्या ओळीत मधल्या दोन बिंदूंवर खड्डा आहे. अँटेना आडवी केली, उभी केली, केबल बदलल्या, जमिनीवर सुळक्यांचा आणखी थर टाकला. खड्डा तिथंच.

असा खड्डा मी एकदा पाहिलाय. पुण्यात एक शिकाऊ मुलगा चाचणीत आत राहिला होता. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, लहर पितो. हा त्याच्याहून बुटका आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा.

महारुद्रने पडद्यापुढे हात जोडले. त्याला सांगितलं, ही प्रयोगशाळा आहे, मठ नाही. योगायोग आहे. जमिनीत ओल असणार. काळ्या मातीला आणि इथल्या माणसांना कोरडं कारण चालत नाही.

२२ नोव्हेंबर

खालून दुसरी ओळही खड्ड्यात गेली. दुपारनंतर तिसरी.

ओल वर चढते हे मान्य. पण चार तासांत गुडघे सरळ करून उभी राहत नाही. मला भीती वाटली, हे इथं लिहून टाकतो, कारण या लोकांपुढे बोलायची माझी तयारी नाही. गौराबाईंनी निरोप धाडलाय की सायेबानी एकदा तरी इचारावं, त्यात काय जातंय. माझी अक्कल जाते, बाई.

२५ नोव्हेंबर

खड्डा गेला. सोळाच्या सोळा बिंदू सरळ. अहवाल पाठवला, मृणालला फोन केला. म्यूनिक नक्की.

चहावाली सरजाबाई आली. मी बाहेरच्या, संगणकाच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. ती माझ्याकडे न बघता आत गेली, माझ्या रिकाम्या खुर्चीपुढे कप ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साखर पुरे का म्हणून विचारलं. इथल्या लोकांना शहाण्या माणसाकडे बघायची सवय नसावी.

खुर्चीला हात लावला. गरम होती.

२८ नोव्हेंबर

ईश्वरअप्पा आले. खुर्चीपुढे वाकले. मी शेजारी उभा होतो, हाक मारली, खांद्याला हात लावला. त्यांनी माशी उडवावी तसा खांदा झटकला.

मृणालचा फोन. मी बोलतोय, आणि ती हॅलो, हॅलो. आवाज येत नाहीये म्हणाली. ठेवला.

खड्डा बुजला नव्हता. चालत बाहेर आला होता. मूर्ख मी, आनंदाने अहवाल पाठवला.

३० नोव्हेंबर

एकच खात्री करायची होती. शक्ती कमी ठेवून मोजणी आपोआप सुरू होईल असं लावलं आणि स्वतः आत जाऊन चौकटीपाशी उभा राहिलो. मी पाऊणशे किलोचा माणूस. निदान दोन ओळी तरी—

बाहेर येऊन पाहिलं. सोळाच्या सोळा बिंदू सरळ. रिकाम्या खोलीसारखे.

२ डिसेंबर

मृणालने महारुद्रच्या मोबाईलवर फोन केला. त्याने तो खुर्चीपुढे धरला. आणि खुर्चीतून माझा आवाज आला, माझाच, फक्त शब्द माझे नव्हते. “लय बरं हाय इथं. म्यूनिकला न्हाई जायचं आता.” ती हसली. तिला वाटलं, मी इथल्या लोकांची नक्कल करतोय. मी नेहमी करतो ना.

मी ओरडलो. सरजाबाईने वारा लागल्यासारखा पंखा कमी केला.

आप्पा माझ्या खुर्चीत आहेत. सगळ्यांशी नीट बोलतात. माझ्याशी कोणी—

तारीख माहीत नाही

आज विचारलं. बूट काढून, दारात उभा राहून. येऊ का, आप्पा. लाज वाटली. मला जाऊ द्या, माझं मला परत द्या, एवढंच म्हणायचं होतं. आतून काही नाही. गेलो.

चौकटीखालची आप्पांची जागा रिकामी होती. तिथं पाय आपोआप दुमडले. मांडी बसली. आता उठत नाही—

दार लागलं. बाहेरून कोणी लावलं कळलं नाही.

नंतर

ध्वनिक्षेपकावर महारुद्र. खालच्या ओळीत मधी परत खड्डा पडलाय, म्हणतोय. माझा आवाज त्याला म्हणतो, असू दे बाबा. बसला असंल कुनी. इचारून जात जा.

नंतर

दार उघडलं. उजेड. महारुद्रच्या चपला काढल्याचा आवाज. देवा, किती बरं वाटतंय या माणसाला बघून. विचारतोय. येऊ का.

ये. ये म्हणतोय मी. जोरात. हे सुळके सगळं गिळतात. ये रे, हात दे—

तो उभा आहे. उंबऱ्यावर. वाट बघतोय.

त्याला ऐकू येत नाही. आणि तो नाही येणार. उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं त्याला मीच