पुढच्या खोलीची चावी कुणाकडे जाईल याविषयी

मी, खाली सही करणारी, झेंडे आणि कापडी फलक शिवण्याच्या आमच्या दुकानाची मालकीण, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मला कुणी धाक घातलेला नाही. भरीला घालायचा प्रयत्न मात्र दोन्ही बाजूंनी झाला आणि दोन्ही बाजूंनी फसला. मन स्थिर असल्याचं लिहायची रीत आहे. माझं मन स्थिर नसतं. गॅस बंद केला का हे पाहायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. पण या कागदापुरतं ते ठाम आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर बाबांनी माझ्या एकटीच्या नावे केलं होतं. त्यातल्या आतल्या खोल्या, भांडीकुंडी आणि दवाखान्याचं बिल भागून बँकेत जे उरेल ते माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावं.

२. दुकान आणि दोन्ही शिलाई मशिनी मावशींना. त्या नात्याने मावशी नाहीत, पण मला सरळ टीप घालायला त्यांनीच शिकवलं. कापडाची मोठी कात्रीही त्यांनाच. ती कागद कापायला कुणालाही देऊ नये. ताईला तर मुळीच नाही.

३. मी गेले तर माझ्या अंगावर कुठलाही झेंडा घालू नये. कारण लिहिते, म्हणजे कुणी गैरसमज करून घेणार नाही.

बाबांनी पुरोगामी भाडेकरू संघ काढला. तो पुढे फुटला. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, 'मूळ पुरोगामी'त गेले आणि ताई 'खऱ्या पुरोगामी'त. दोन्ही झेंडे आमच्याच दुकानात, एकाच ताग्यातून शिवले गेले. बाबा गेले त्या सकाळी दोन्ही झेंडे दारात आले. "दादा शेवटपर्यंत आमचाच होता," काका म्हणाले. "तुमचा? तुमच्या सभेला ते शेवटचे कधी आले होते?" ताईने विचारलं. बाबा मध्ये निजलेले आणि झेंड्यांची ओढाताण वर चाललेली. शेवटी शववाहिनीचा ड्रायव्हर ओरडला, "अहो, आधी ठरवा आणि मग बोलवा!" मावशींनी धुतलेली पांढरी चादर आणून पांघरली. मलाही तशीच चादर हवी. श्रद्धांजलीच्या फलकावर माझ्या नावाआधी कुठलंही विशेषण नको.

४. आता पुढची खोली. भांडण खरं हिच्यावरून आहे. संघ याच खोलीत सुरू झाला, म्हणून दोन्ही गटांना आपली कचेरी इथेच हवी. मी आजवर दोघांनाही चावी दिली नाही, म्हणून काका मला 'तळ्यात-मळ्यात' म्हणतात. ताई 'प्रतिगामी' म्हणते. दोन्ही मी ऐकून घेतलं आहे, विसरलेले नाही.

शाळेत जायच्या आधी बाबांनी आम्हां दोघींना कापडाच्या टेबलापाशी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. ताईने एकदा दूधवाल्याला भांडवलदार म्हटलं. बाबा म्हणाले, "तो शब्द न वापरता सांग." ताईने विचार केला आणि म्हणाली, "तो दुधात पाणी घालतो." "मग तसं म्हण. पाणी घालणाऱ्याला पकडता येतं. भांडवलदाराविरुद्ध नुसत्या घोषणा देता येतात."

गेल्या रविवारी मी काकांना आणि ताईला याच खोलीत बोलावलं आणि तोच नियम लावला.

"पुरोगामी म्हणजे काय हे तू मला शिकवणार?" काका म्हणाले.

"नाही. तो शब्द न वापरता तुम्ही मला सांगा. खोली मिळाली तर इथे काय करणार?"

"बापाची लेक शोभतेस," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "रोज संध्याकाळी दार उघडं ठेवीन. घर खाली करायची नोटीस ज्याला आली असेल त्याची नोटीस वाचायची आणि उत्तर लिहून द्यायचं. तो आमच्यातला असो, हिच्यातला असो, नाहीतर कुणाचाच नसो."

"आणि निवडणूक आली की त्यांनाच प्रचाराला जुंपायचं, तेही सांगा की," ताई म्हणाली.

"जुंपणार! नगरपालिकेत आपलं माणूस नसेल तर नोटिसा थांबतील कशा?"

मग ताई बोलली. "आधी सभासद व्हायचं, मग मदत. जन्मभर घरमालकाच्या मागे फिरलेल्याची नोटीस मी का वाचू? काम झालं की असली माणसं ओळख दाखवत नाहीत. अशाने संघटना उभी राहत नाही."

दोघं मनातून एकच आहेत असं निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तसं निघालं नाही. त्यांचं भांडण खरं आहे. ताईचं म्हणणं चुकीचं नाही; माणसं खरंच ओळख दाखवत नाहीत. पण नोटीस हातात घेऊन आलेल्याला आधी सभासद होण्याइतकी उसंत नसते. म्हणून मी बाजू घेते आहे. पुढची खोली काकांना द्यावी. मला ताई काकांपेक्षा कितीतरी जवळची आहे आणि तरीही हे मी लिहिते आहे. काका 'मूळ' आहेत म्हणून नव्हे, ते जे करीन म्हणाले त्यासाठी.

अटी अशा: दारावरच्या पाटीवर 'भाडेकरूंसाठी. संध्याकाळी उघडे.' एवढंच असावं. खोलीत निवडणुकीचं पोस्टर लागू नये. दार सलग महिनाभर बंद राहिलं तर खोली ताईकडे जाईल. हे सगळं मी त्या दोघांना तिथेच सांगितलं.

"मरायला टेकली तरी पोरगी अटी घालतेय," काका म्हणाले.

"मरायला टेकलेली नाहीये ती!" ताई त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडली की काकांनी हात जोडले.

५. या इच्छापत्राची अंमलबजावणी ताईने करावी. खोली जिला मिळाली नाही तिच्याच हाती चावी कशी सोपवता, असं वकिलांनी विचारलं. ताई भांडेल, अबोला धरेल, पण लबाडी करणार नाही. इतकी खात्री मला दुसऱ्या कुणाची नाही.

हे कलम मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चावी मी देणार नाही. तू बरी होऊन घरी ये आणि तुझ्या हाताने दे. मग मी तुझ्याशी कडाकडा भांडेन." हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, असं वकिलांचं मत पडलं. ते माझ्या सांगण्यावरून राहू दिलं आहे.

सही: (केली आहे)

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही:
१. सुतार, समोरच्या इमारतीतले
२. नर्सबाई, वरच्या मजल्यावरच्या

दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

ठिकाण: आमच्या घराची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार