कक्षातील रुग्णसंख्या : शून्य

४ ऑक्टोबर
स्टेडियमच्या वैद्यकीय कक्षाचा प्रमुख म्हणून पहिला सामना. प्रेक्षक चाळीस हजार, रुग्ण शून्य. माणूस योग्य असला की असं होतं.

११ ऑक्टोबर
पुन्हा शून्य. सिस्टर म्हणतात, जिन्याखाली, खुर्च्यांच्या गोदामामागे खोली असल्यावर ती सापडणार कुणाला? पहिल्या दिवशी त्यांनाही म्हणे आइस्क्रीमवाल्याने आणून सोडलं. बाहेर पाटी लावा म्हणाल्या. मी समजावलं, असल्या पाट्या वाचून धडधाकट माणसालाही चक्कर येते. त्या म्हणाल्या, धन्य आहे तुमची. कौतुक करतात अधूनमधून.

१८ ऑक्टोबर, दुपारी ३
एक जण आला. ताबडतोब झोपवून बीपी घेतलं. नॉर्मल. त्याला बाथरूमला जायचं होतं. नोंद केली नाही.

१९ ऑक्टोबर
मॅनेजर खूश. सीझनभर आकडा असाच राहिला तर कायम करतो म्हणाले. उद्यापासून रोज अर्धा तास हृदयविकारावरचं वाचन.

२४ ऑक्टोबर
वाचन सोमवारपासून. बायको म्हणाली, जिना चढताना बाबांच्या छातीत दाटून येतं, एकदा नीट बघा ना. म्हटलं, उद्याच्या सामन्याचा पास देतो, कक्षातच निवांत तपासतो. जावयाचा रुबाबही दिसेल. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, खोली नेमकी कुठे? म्हटलं, कुणालाही माझं नाव सांगा.

२५ ऑक्टोबर, दुपारी ४
सासरे अजून आले नाहीत. सामन्यात रमले असावेत. सिस्टर न विचारता शॉकचं मशीन घेऊन जिन्यांवर फिरायला गेल्यात. मेमो द्यावा लागेल. मसुदा सुरू.

४.४०
मसुदा चांगला झालाय. रुग्ण शून्य.

संध्याकाळी ७, हॉस्पिटल
सासरे पंधरा नंबरच्या जिन्यात कोसळले. सिस्टर दहा पावलांवर होत्या. दोन शॉक दिले तेव्हा नाडी लागली. तिथूनच थेट अँब्युलन्स, त्यामुळे कक्षाचा आकडा तांत्रिकदृष्ट्या शून्यच राहतो. हे बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं.

२७ ऑक्टोबर
मेमो फाडला. बायको बोलत नाही.
सासरे शुद्धीवर आले. आवाज अगदी बारीक. म्हणाले, जावईबापू, चाळीस मिनिटं शोधली हो तुमची खोली. तीन जिने चढलो, तीन उतरलो. फोन करणार होतो. पण म्हटलं, तुमच्याकडे पेशंटची रांग लागली असेल.
मी म्हटलं, हो. गर्दी होती.